महाल भागात दुकान, दोन कॉम्प्युटर: फॉरमॅट न मारता आधी नीट तपासणारा माणूस नागपुरात कसा शोधावा?

पत्रिकावाली_महाल

नमस्कार मंडळी. बडकस चौकाजवळ आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी ट्रेडल छपाई मशीनवर सुरू केलं होतं. आता डिझाइन मी करते आणि छपाई बाहेरून करून घेतो. दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर डिझाइनचं कोरल आणि जुने मराठी फॉन्ट, दुसऱ्यावर हिशोबाचं टॅली. दोन्हींत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, विंडोज 10. घरी मुलाचा एक लॅपटॉप.

दिवाळीआधी डिझाइनच्या कॉम्प्युटरमधून कट-कट आवाज यायला लागला आणि तो सुरू व्हायला पंधरा-पंधरा मिनिटं घेऊ लागला. ओळखीतून एक मुलगा बोलावला. तो सीपीयू घेऊन गेला, संध्याकाळी परत आणून दिला. 1,800 रुपये घेतले. म्हणाला, "वहिनी, विंडोज नवीन टाकलं, आता पळेल." सुरू करून पाहिलं तर आत काहीच नाही. अकरा वर्षांच्या पत्रिका, मुंजीची कार्डं, वास्तुशांतीची निमंत्रणं, सगळं साफ. मी विचारलं तर म्हणे, "डेटा पाहिजे होता हे तुम्ही सांगितलं नव्हतं." मला तिथेच रडू आलं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मोठ्या मुलीच्या लग्नात होती तशीच पत्रिका धाकटीची करा." आमचा निम्मा धंदा त्या जुन्या फायलींवर चालतो. सासऱ्यांनी हाताने काढलेला गणपती 2013 मध्ये स्कॅन करून ठेवला होता, तोही त्यातच. मूळ कागद आता नाही.

वीस दिवसांनी आवाज पुन्हा सुरू झाला. मग बर्डीच्या बाजारातून एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कऐवजी लागणारी वेगवान डिस्क) आणून बसवली.

आता दुसरा एक जण म्हणतो, विंडोज 10 बंद झालं, दोन्ही सीपीयू भंगारात द्या, 84,000 मध्ये दोन नवीन देतो. तुळशीचं लग्न झालंय, पत्रिकांच्या ऑर्डर सुरू आहेत. एवढे पैसे आत्ता नाहीत, आणि ते खरंच लागतात का हेही मला कळत नाही. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घ्यावी की दर वेळी माणूस बोलवावा? आणि ज्याच्या हातात आपण सगळं देतो तो जाणकार आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

---

इतवारी_किराणा

ताई, वाचून वाईट वाटलं. एएमसीचं माझं सांगतो. दोन कॉम्प्युटर आणि एका प्रिंटरचे मी तीन वर्षं, वर्षाला 6,000 भरून राहिलो होतो. कागदावर "संपूर्ण देखभाल" लिहिलं होतं. पहिल्याच वर्षी एसएमपीएस (सीपीयूला वीज पुरवणारा डबा) उडाला तर म्हणे पार्ट यात येत नाही, फक्त मजुरी येते. मग कळलं की एएमसी दोन तऱ्हेची असते, पार्टसकट आणि पार्टविना. सही करायच्या आधी तेवढं विचारून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. जीएसटीआर-1 (विक्रीचं मासिक विवरण) भरायची तारीख 11. माझा टॅलीचा कॉम्प्युटर 9 तारखेला बसला आणि माणूस आला 12 ला. लेट फी मी भरली. तेव्हापासून माझी एकच अट: फोन केल्यावर किती तासांत येणार ते कागदावर लिहून द्या. जो लिहून देत नाही त्याच्याशी बोलणंच नाही. आता गल्लीतल्याच एका माणसाला दर वेळी रोख देतो. वर्षाचा हिशोब लावला तर 6,000 पेक्षा कमीच जातात.

---

कॉम्प्युटरवाला_त्रिमूर्तीनगर

ताई, मी 2003 पासून नागपुरात हेच काम करतो. तुमच्या बाकीच्या प्रश्नांना सावकाश उत्तर देतो, आधी एक सांगा. ती जुनी हार्ड डिस्क कुठे आहे? एसएसडी लावताना काढून ठेवली असेल तर ती कुठेही जोडू नका. "चालते का पाहू" म्हणून एकदाही नाही. आणि तुमच्या पत्रिका सी ड्राइव्हमध्ये होत्या की डी मध्ये?

---

पत्रिकावाली_महाल

दादा, डिस्क गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. भंगारवाल्याला देणारच होते. जुन्या पत्रिका डी मध्ये "पत्रिका" नावाच्या फोल्डरमध्ये वर्षाप्रमाणे होत्या. चालू ऑर्डरी डेस्कटॉपवर. पण आता डी ड्राइव्हच नाही, त्याने सगळं मिळून एकच सी केलं होतं.

---

कॉम्प्युटरवाला_त्रिमूर्तीनगर

मग आशा आहे, आणि बरीच आहे. का ते सांगतो, म्हणजे पुढे कोणी काही म्हणालं तर तुम्हाला ताडून पाहता येईल.

हार्ड डिस्कच्या प्रत्येक पार्टिशनमध्ये, म्हणजे सी, डी अशा प्रत्येक भागात, एक वही असते. कोणती फाइल कुठे ठेवली त्याची नोंद तिच्यात. ती सहसा पार्टिशनच्या सुरुवातीपासून साधारण 3 जीबी अंतरावर असते. त्या मुलाने दोन पार्टिशन पुसून एक केलं आणि झटपट फॉरमॅट मारला, तेव्हा सी ची वही नव्याने लिहिली गेली. तुमची डी कुठे सुरू होत होती? समजा 100 जीबीनंतर. मग डी ची वही 103 जीबीच्या जवळ पडलेली असणार, आणि नवीन विंडोजने बहुतेक तिला हातही लावलेला नसणार. वही शाबूत असेल तर नुसत्या फायलीच नाही, फोल्डरची नावं आणि वर्षंसुद्धा जशीच्या तशी परत मिळतात. डेस्कटॉपवरच्या फायली सी मध्ये होत्या. त्यांच्यावर विंडोज लिहिलं गेलं आणि वर वीस दिवस तुम्ही काम केलं. त्यांची खात्री मी देत नाही.

खरी भीती त्या कट-कट आवाजाची आहे. तबकडीवरून फिरणाऱ्या हेडला जागा सापडत नसली की तो असा ठोके देतो. अशी डिस्क जितक्या वेळा सुरू कराल तितकं तिचं आयुष्य उतरतं. म्हणून तिच्यावर कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट चालवायचं नाही. आधी तिची पूर्ण नक्कल, अगदी सेक्टर-सेक्टर (डिस्कचा एकेक छोटा कप्पा), दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवायची. जिथे वाचता येत नाही तो भाग सोडून पुढे जायचं आणि शेवटी मागे येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. नंतरचं सगळं काम त्या नकलेवर. सुरू केल्याबरोबर नुसते ठोकेच देत असेल आणि वाचतच नसेल, तर आमच्यासारख्यांनी हात लावू नये. ती धूळमुक्त खोली असलेल्या लॅबमध्येच उघडावी लागते, आणि तिथला खर्च हजारांत असतो. तुमची वीस दिवस चालली म्हणजे अजून ती वेळ आलेली नसावी.

---

कोडर_हिंगणा

ताई, एवढं घाबरायचं काही नाही. टेस्टडिस्क नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, गेलेलं पार्टिशन शोधून देतं. यूट्यूबवर पाहून मी माझा पेन ड्राइव्ह परत आणला होता. माणसाला पैसे काहून द्यायचे?

---

कॉम्प्युटरवाला_त्रिमूर्तीनगर

भाऊ, टेस्टडिस्क उत्तम आहे, मीही तेच वापरतो. तुझा पेन ड्राइव्ह धड होता, त्याचं फक्त पार्टिशन गेलं होतं. ताईंची डिस्क आजारी आहे. तिच्यावर तासन् तास शोध चालवला तर मधेच बसेल आणि मग टेस्टडिस्कलाही काही दिसणार नाही. नक्कल काढून झाली की ती नक्कल घेऊन तू बस आणि ताईंना मदत कर, माझी काही हरकत नाही.

आता ताईंचा मुख्य प्रश्न, माणूस ओळखायचा कसा. यावर मला मनापासून बोलायचं आहे.

फॉरमॅट मारून विंडोज टाकायला तास-दीड तास लागतो. कॉम्प्युटर मंद का झाला हे शोधायला कधी दहा मिनिटं, कधी तीन तास. गिऱ्हाईक दोन्हीला सारखेच पैसे देतं. उलट मी तीन तास तपासून म्हटलं की "यात काही बिघडलेलं नाही, रॅम काढून पुसून बसवली", तर ऐकावं लागतं, "मग पैसे कशाचे? तुम्ही तर काहीच केलं नाही." म्हणून या धंद्यात नवीन आलेला मुलगा पहिल्याच महिन्यात शिकतो की प्रत्येक दुखण्याला फॉरमॅट. तुमचं नुकसान करणारा मुलगा वाईटच असेल असं नाही. त्याला तपासायला कोणी शिकवलं नाही, आणि तपासण्याचे पैसे कोणी दिले नाहीत. तुमच्या डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या मिनिटात दिसली असती. खराब सेक्टरचे आकडे तिथे समोर येतात. असे आकडे दिसत असताना त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकणं म्हणजे तडे गेलेल्या भिंतीला रंग देणं.

म्हणून ताई, पहिल्या फोनवरच विचारा: "फक्त तपासून काय झालंय ते सांगायचे किती घ्याल?" जो म्हणेल "तपासणी फुकट, आणून टाका", त्याची कमाई दुसरीकडून निघणार आहे. जो म्हणेल "व्हिजिटचे इतके, तपासून सांगतो, काम करायचं की नाही तुम्ही ठरवा", त्याला घरी बोलवा. मी स्वतः शहरात 350 घेतो. काम झालं नाही तरी घेतो आणि आधीच सांगून ठेवतो. दुसरं, सीपीयू घेऊन जाणार असेल तर डिस्कचा मेक आणि साइज कागदावर लिहून त्याची सही घ्या, आणि त्याच कागदावर एक ओळ: "न विचारता फॉरमॅट करू नये." काढलेला जुना पार्ट परत मागा. दुकानदाराने मागितला तर कोणी नाही म्हणत नाही.

एएमसीबद्दल इतवारीवाल्या भाऊंचं बरोबर आहे. दोन कॉम्प्युटरला मी सहसा नकोच म्हणतो. घ्यायचीच असेल तर वर्षातून ठरलेल्या सर्व्हिसिंगसाठी घ्या आणि त्यातली एक मार्चच्या आत करून घ्या. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको, आणि तुमचा सीझनही नेमका तेव्हाच. पारा 45 ला गेला की तीन वर्षं ब्लोअर न मारलेला सीपीयू आतल्या आत तापतो आणि स्वतःला वाचवायला आपोआप मंद होतो. लोक म्हणतात व्हायरस आला. उघडलं की पंख्यावर नमद्यासारखा धुळीचा थर आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. पेस्ट बदलायला शंभर-दोनशेचं सामान लागतं. आणि सीपीयू डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार तुषारांबरोबर आत जातो. कूलरसमोरच्या मदरबोर्डवर पांढरी पापडी धरलेली मी दर जूनमध्ये पाहतो. यूपीएसच्या बॅटरीचंही तसंच आहे. साधारण दर 10 अंशांनी उष्णता वाढली की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून ती पत्र्याखाली माळ्यावर नको, खाली सावलीत ठेवा.

आता 84,000 चं. विंडोज 10 बंद झालं म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला असं नाही. 14 ऑक्टोबर 2025 नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, मशीन चालतच राहतं. पण विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं. तुमची चौथी आहे, म्हणजे अधिकृतपणे ते होणार नाही. काही जण जुगाड करून टाकून देतात. दुकानाच्या मशीनवर मी ते करत नाही.

दोन्ही मशीनची गरज वेगळी आहे. टॅलीवाल्यावर बँक, जीएसटी, ई-मेल, सगळं इंटरनेटवर चालतं. ते बदला, पण नवंच हवं असं नाही. आठव्या-नवव्या पिढीचं, कंपन्यांतून निघालेलं वापरलेलं मशीन बिल आणि वॉरंटीसकट मिळतं, टॅलीला भरपूर होतं. डिझाइनचं मशीन मात्र राहू द्या. एसएसडी तुम्ही लावलीच आहे, एक 4 जीबी डीडीआर-थ्री रॅम वाढवा आणि त्याचं इंटरनेट काढून टाका. कोरल आणि जुन्या फॉन्टला इंटरनेट लागत नाही. ते जुने फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारी प्रमाणित पद्धत) नाहीत, नव्या मशीनवर बसवताना जोडाक्षरं तुटू शकतात. चालू सीझनमध्ये त्या फंदात पडूच नका. सध्या रॅमचे भावही चढलेत, आज दोन नवीन मशीन घेणं म्हणजे चढ्या भावात खरेदी.

आणि कोणी म्हणालं की "विंडोज-ऑफिस फुकटात ॲक्टिव्हेट करून देतो", तर हात जोडा. तो ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच दारातून काय काय आत येतं हे मी फार ठिकाणी निस्तरलंय. पत्र-बित्र लिहायला लिब्रेऑफिस आहे, कायदेशीर फुकट आणि मराठी चालणारं. व्हायरससाठी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

---

निवृत्त_मास्तर_मनीषनगर

घरच्या लॅपटॉपचा विषय निघाला म्हणून लिहितो. वय 71. गेल्या श्रावणात व्रताची कथा शोधत होतो. अचानक पूर्ण पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला. "तुमचा संगणक लॉक झाला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा." मी केला. पलीकडचा माणूस फार अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत बाण आपोआप फिरू लागला. मग म्हणाला, बँकेचं पान उघडा, 10 रुपये भरायचे आहेत. तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून आली आणि तिने सरळ वायफायच्या डब्याचं बटण बंद केलं. पैसे वाचले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या वयाच्या मंडळींना कळकळीने सांगतो. खऱ्या विंडोजच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. असं दिसलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि मशीन बंद करा, बस. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

---

कॉम्प्युटरवाला_त्रिमूर्तीनगर

मास्तर, सूनबाईंना माझा नमस्कार सांगा. इंटरनेट तोडणं हेच त्या क्षणी करायचं असतं.

दुरून मदत घेणं मुळात वाईट नाही. बेसा, हिंगण्याच्या लोकांची अर्धी कामं मी तशीच करतो, त्यांचे येण्याजाण्याचे पैसे वाचतात. नियम एवढाच: फोन तुम्ही ओळखीच्या माणसाला केलेला असावा, त्याचा तुम्हाला आलेला नसावा. विंडोजचंच क्विक असिस्ट आहे, सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. आणि काम चालू असताना समोर बसून राहा. मध्ये चहाला उठू नका.

ताईंच्या मुलाच्या लॅपटॉपवर विंडोज 10 असेल तर घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून मिळतात, सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. विंडोज 11 असेल तर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. त्याची 48 आकडी किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच कागदावर उतरवून कपाटात ठेवा. ती नसेल तर उद्या लॅपटॉप बिघडल्यावर आतला डेटा मलाही काढता येणार नाही, कोणालाच नाही.

---

पत्रिकावाली_महाल

दहा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा, ऑर्डरींची गडबड होती.

दादांनी सांगितलेलेच प्रश्न मी तीन ठिकाणी फोनवर विचारले. दोघं म्हणाले, "आणून टाका, पाहू." तिसरे गोकुळपेठेतले एक काका. म्हणाले, "तपासणीचे 400. नकलेसाठी एक रिकामी डिस्क तुम्ही आणा, ती तुमचीच राहील. डेटा निघाला नाही तर फक्त 400." मी डिस्क स्वतः घेऊन गेले आणि कागदावर सही घेतली. काकांनी काही न बोलता सही केली, उलट सिरीयल नंबरही स्वतःच लिहिला.

नक्कल निघायला 26 तास लागले. मधे दोनदा डिस्क अडकली, त्यांनी ती बंद करून थंड होऊ दिली आणि पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलावणं आलं. स्क्रीनवर डी ची यादी उघडली होती: पत्रिका, त्याखाली 2014, 2015, 2016, सगळी वर्षं ओळीने. मी काही बोलूच शकले नाही. काकांनी एक-एक वर्ष उघडून दाखवलं. 2019 मधल्या चाळीसेक फायली उघडत नाहीत. डेस्कटॉपवरच्या ऑर्डरींपैकी तीनच मिळाल्या. बाकी सगळं आहे. गणपती "सासरेबुवा" नावाच्या फोल्डरमध्ये होता. त्याच संध्याकाळी त्याच्या पाच प्रिंट काढल्या, एक सासूबाईंना दिली.

सगळे मिळून 3,200 झाले, वर नकलेची डिस्क माझी. मी घासाघीस केली नाही.

टॅलीसाठी वापरलेलं मशीन पाहून ठेवलं आहे, काका शनिवारी येऊन तपासणार आहेत. आता दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या आहेत, एक दुकानात, एक घरी. दर रविवारी अदलाबदल करायचं ठरवलंय. दादा, घरची डिस्क लोखंडी कपाटात ठेवली तर चालेल ना? आणि टॅलीचा बॅकअप त्याच डिस्कवर घेऊ की वेगळ्या?

---

कॉम्प्युटरवाला_त्रिमूर्तीनगर

ताई, फार बरं वाटलं. काकांना माझा रामराम सांगा.

लोखंडी कपाट चालेल, फक्त उन्हाच्या भिंतीला लागून नको. टॅली त्याच डिस्कवर घ्या, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात तारीख टाकून, आणि जुना बॅकअप लगेच पुसू नका. दुकानातली डिस्क बॅकअप झाल्याबरोबर काढून ठेवा, दिवसभर जोडलेली नको. विजेचा झटका आला किंवा फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही बरोबरच जाते. आणि महिन्यातून एकदा घरची डिस्क लावून कुठल्याही वर्षातली एक पत्रिका कोरलमध्ये उघडून पाहा. नुसती यादी दिसते म्हणून थांबू नका, फाइल उघडली पाहिजे.